अजून एक फाटा

धक्क्यावरची खोली,
३ नोव्हेंबर

वहिनी,

पोचलो. सामान म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी, हमाल लागलाच नाही. तरी एकजण बळेच पुढे आला आणि म्हणाला, "तुम्ही मोजणीवाल्यांचे भाऊ ना? चालणं तेच आहे." तेव्हापासून मी माझ्या चालण्यावर इतकं लक्ष ठेवून आहे, की काल पायरीवर अडखळलो.

कचेरीने मला दादाचीच खोली दिली. मुद्दाम नाही, दुसरी नाहीच. लोखंडी खाट, एक टेबल, एक खिडकी आणि खिडकीभर खाडी. तो गेल्याला दोन वर्षं होत आली, पण नकाशे टांगायला त्याने ठोकलेले खिळे तसेच आहेत. मी त्यांवर माझे कपडे टांगले. बरं नाही दिसत, पण रिकामे खिळे त्याहून वाईट दिसत होते.

काम सांगतो. साहेबांना एक आकडा हवाय, खाडीचा काठ एकूण किती लांब. दादाने आधी लांब साखळी लावून मोजलं. आकडा आला. मग खात्री करायला अर्ध्या लांबीची साखळी लावली, तर काठ वाढला. लांब साखळी बारीक वळणांवरून उडी मारते, आखूड साखळी त्या वळणांत शिरते. मग त्याने नुसती काठी घेतली, काठ आणखी वाढला. साहेब म्हणाले, "तुमच्या भावाला अजून एक वर्ष मिळतं तर त्याने हा काठ पृथ्वीभोवती गुंडाळला असता." हसले, आणि मग घाईने कागद आवरू लागले.

होडी एक बाई चालवतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात. दादाबरोबरही त्याच असायच्या, फक्त त्या दिवशी नव्हत्या, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. हे त्या भेटल्या भेटल्या सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

तुम्ही मागितलेला, विमानातून काढलेला खाडीचा फोटो सोबत आहे. काय करणार त्याचं, ते विचारत नाही. आईला सांगा, वेळेवर जेवतोय. आणि वहिनी, इथे दादाचं काही नाही. रिकामी होडी आतल्या फाट्यात सापडली, तेव्हा लोकांनी सगळी खाडी पालथी घातली होती. मी काम करायला आलोय, शोधायला नाही.

धाकटा


१४ नोव्हेंबर

भावोजी,

फोटो मिळाला. काय केलं ते न विचारताच सांगते, कारण पोटात राहत नाही.

तुम्हाला माझं काम माहीत आहे. पेशंटने हनुवटी टेकवायची, समोरच्या बारीक दिव्याकडे बघायचं आणि मी डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढायचा. इस्पितळात यंत्र नवीन आलं तेव्हा सरावाला माणूस मिळेना, म्हणून यांना बसवलं होतं. "बायकोने डोळ्यात डोळे घालून बघितलं ते आज पहिल्यांदा," हे म्हणाले, "आणि तेही मधे एवढं धूड ठेवून." एका दुपारी इतके फोटो काढले की उठल्यावर दाराऐवजी कपाटात शिरायला निघाले.

त्यातला एक अजून माझ्याकडे आहे. उजवा डोळा. तुमची खाडी मी दिव्याच्या काचेवर त्याच्या शेजारी ठेवली.

भावोजी, तोच डोळा आहे. पडद्यावर एका बाजूला एक गोल असतो, तिथून सगळ्या रक्तवाहिन्या निघतात. तुमच्या फोटोत तिथे खाडीचं तोंड आहे. तिथून वर एक फाटा, खाली एक फाटा, वरच्याला पुन्हा दोन, तेही त्याच अंगाने वळलेले. पडद्यावर एक पिवळा ठिपका असतो, नजर सगळ्यात तीक्ष्ण तिथेच, आणि तिथे एकही वाहिनी शिरत नाही, सगळ्या कडेकडेने जातात. तुमच्या फोटोतही तशी कोरी जागा आहे, एकही फाटा न शिरलेली.

तिथे कुणी बघितलंय का?

वेड लागलंय म्हणाल. म्हणा. पण एक गोष्ट मी आईंनाही बोललेले नाही. यांची शेवटची पत्रं नुसती खाडीची होती. हा फाटा, तो फाटा. घरी सगळे कसे आहेत, हे विचारायचंही राहून जायचं. रजा साचली होती, घेतली नाही. लोक मला म्हणतात, बुडाले, वाईट झालं. मी मान हलवते. पण बुडाले की निघून गेले, हे मला कुणी सांगत नाही. माणूस आपल्याला सोडून आत आत गेला असेल, तर त्याचं सुतक कसं पाळायचं?

तेवढी कोरी जागा बघा.

वहिनी


धक्क्यावरची खोली,
२७ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी डोक्याचं बोलतो.

आज मावशी फुलकोबी निवडत होत्या. त्यांनी एक तुरा तोडला, तो हुबेहूब अख्खा गड्डा. त्या तुऱ्याचा बारका तुरा तोडला, तोही गड्डाच. शिकलेले लोक अशा आकारांना फ्रॅक्टल म्हणतात, तुकडा अख्ख्यासारखा आणि तुकड्याचा तुकडाही तसाच. झाडाची फांदी बघा. छातीच्या फोटोत फुप्फुसाच्या नळ्या बघा, झाड उलटं टांगल्यासारख्या. वाळलेल्या चिखलाच्या भेगा, आकाशातली वीज, सगळं त्याच चालीचं. जिथे एका तोंडातून सगळीकडे पोचायचं असतं, तिथे फाटे असेच फुटतात. म्हणून खाडी डोळ्यासारखी दिसते. दादाच्या डोळ्यासारखी नव्हे, डोळ्यासारखी.

आणखी एक गंमत केली. गंमत म्हणवत नाही आता. धक्क्याखाली ओहोटीच्या पाण्याने चिखलात एक ओघळ पाडलाय, माझ्या हाताएवढा. त्याचा फोटो काढून मावशींना दाखवला. त्या क्षणात म्हणाल्या, "हा वरच्या अंगाचा मोठा फाटा. मी लहानपणापासून जाते तिथे." मी खरं सांगितल्यावर त्यांनी फोटो पालथा घातला. शेजारी माणूस किंवा होडी असल्याशिवाय किती मोठं ते कळतच नाही. आणि आत होडीतून जाताना शेजारी काही नसतं. दोन्हीकडे खारफुटी आणि चिखल. मोठ्या फाट्यात आहोत असं वाटतं आणि आपण कधीच त्याच्या पोटातल्या धाकट्यात शिरलेलो असतो. दादाचं हेच झालं असणार. तो निघून गेला नाही, वहिनी. त्याला कळलं नाही.

आता दुसरं. तुमची कोरी जागा बघून आलो. मावशी नको म्हणत होत्या, मी एकटाच गेलो. ती कोरी नाही. फोटोत दिसत नाहीत एवढे बारीक फाटे तिथे आहेत, आणि त्यांना आणखी बारीक. त्यात पाऊल ठेवलं की अजून एक फाटा दिसतो. फोटोवर विश्वास ठेवून हे सोडून देणं बरोबर नाही. एवढं मोजून घेतो.

तिथे हाक मारली तर ती प्रत्येक फाट्यातून परत येते, आधी मोठी, मग लहान, मग त्याहून लहान. ऐकण्यासारखं आहे.

धाकटा


८ डिसेंबर

भावोजी,

फुलकोबी पटली. मी काल चिरायला घेतली आणि अर्ध्यावर सुरी ठेवून बसले. आई म्हणाल्या, "काय गं, अळी आहे का?"

आईंच्या डाव्या डोळ्याचं काही खरं नाही. त्यांनाही यंत्रासमोर बसवलं. बसतानाच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यात काय दिसतं ते मला सांगू नकोस, मला झोप लागणार नाही." शस्त्रक्रिया करायची ठरली आहे, जानेवारीच्या सुरुवातीला. तुम्ही यावं असं त्यांना वाटतं. म्हणाल्या नाहीत, पण तुमचा टॉवेल धुऊन दांडीवर टाकलाय.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला रुतलं. "अजून एक फाटा दिसतो." हे शब्द मी आधी वाचले आहेत, दुसऱ्या अक्षरात. असू द्या. भाऊ आहात, बोलणं सारखं असणारच.

पण कोरी जागा मोजायला मी सांगितलं नव्हतं. बघा म्हटलं होतं. बघून झालंय. आता या.

वहिनी


धक्क्यावरची खोली,
२९ डिसेंबर

वहिनी,

उशीर झाला. ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, टपालाच्या वेळी मी आत असतो.

साखळी बाजूला ठेवली. काठी कापली, मग पुन्हा कापली. आता वीतभर आहे. वीतभर काठीने काठ खूप वाढतो. दादाला जे कळत चाललं होतं ते मला आता दिसतंय. काठ लांब नाहीच. काठ खोल आहे. साहेबांना हे समजणार नाही. मावशी येत नाहीत, मी येऊ देत नाही, बोलण्याने मोजणी चुकते.

आईच्या शस्त्रक्रियेला येणं कठीण दिसतं. थोडंच उरलंय. अजून एक मोठासा फाटा, मग त्यातले बारके.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. परवा मी हाक मारायच्या आधी हाक आली. "ए धाकट्या." मला या नावाने आई आणि दादा दोघंच हाक मारतात. आधी लांबून, मोठी. मग जवळच्या फाट्यातून, लहान. मग पायाशी चिखलातून, डास गुणगुणावा एवढी. मी ओ दिली.

आईला सांगू नका.

धाकटा


३ जानेवारी

भावोजी,

हे पत्र उभ्याने लिहितेय, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नका.

तुमचं पत्र आणि यांचं शेवटचं पत्र मी शेजारी ठेवलं. "साहेबांना हे समजणार नाही." दोन्हीत. "थोडंच उरलंय." दोन्हीत. "टपालाच्या वेळी मी आत असतो." दोन्हीत! तुम्ही मला फुलकोबी शिकवता? घरात बघा जरा. थोरला मोठ्या चालीने गेला, धाकटा त्याच चालीने लहान होऊन निघालाय. एका घरातून त्या खाडीला एक माणूस पुरे झाला.

आणि माझं ऐका. गेल्या महिन्यात मी तुमची खाडी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक डोळ्याशेजारी ठेवून बघितली. एका शिंप्याचा डोळा, एका शाळेतल्या बाईंचा, एका ट्रकवाल्याचा, जो सगळा वेळ "किती वेळ, किती वेळ" करत होता. सगळ्यांशी जुळली. ट्रकवाल्याशी तर यांच्यापेक्षा जास्त. मला त्यात यांचाच डोळा दिसला, तो मी यांना शोधत होते म्हणून. रडायला आलं. दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटले. पण खरं ते खरं. तिथे तुम्हाला बोलावणारं काही नाही, आणि असलं तर ते तुमचा दादा नाही. त्यांनी तुम्हाला कधी चिखलात बोलावलं होतं का? पावसात खेळायला गेलात तर कान धरून घरी आणायचे.

तुम्ही येणार नाही हे दिसतंयच. मी निघाले असते, पण आईंना टेबलावर घ्यायचा दिवस ठरलाय. तेव्हा निदान आत गेल्यावर बाहेर कसं यायचं ते ऐका. कधी कधी माझं यंत्र तिरकं बसतं आणि तो गोल दिसतच नाही, नुसत्या बारीक वाहिन्या दिसतात. तेव्हा मी दोन वाहिन्या मिळतात ती जागा बघते. त्यांचा कोन बाणासारखा असतो, आणि बाणाचं टोक नेहमी गोलाकडे. एका बाणावरून दुसऱ्यावर जायचं, बारीककडून जाडकडे. कधी चुकत नाही. फाटे मोजू नका. टोक बघा आणि उलटे फिरा.

मावशींनाही निराळं पत्र टाकलंय. त्यांना वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घेतील. तुमच्यासारखे हट्टी नसतील.

वहिनी


धक्क्यावरची खोली,
१६ जानेवारी

वहिनी,

ताप उतरला. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता. चुरगळून खिशात घातलं आणि ओहोटीला आत गेलो. धुकं होतं, पण मला वाटलं, मला काय, मला आतली सगळी वळणं पाठ आहेत. हाक आली. मी तिच्यामागे गेलो. होडी रुतली तेव्हा उतरून चालत गेलो. फाटा कमरेएवढा अरुंद झाला, मग हातभर, मग मी चिखलात गुडघ्यावर बसून एका बोटभर ओघळाशी कान लावून होतो आणि त्यातून "ए धाकट्या" येत होतं. आवाज दादाचा होता. तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

मग पाणी थबकलं. ओहोटी संपून भरती लागायच्या आधी थोडा वेळ पाणी हलत नाही. मान वर केली तर चारी बाजूंना तेच. माझ्याएवढे फाटे, माझ्या हाताएवढे, खोलीएवढे, आणि कुठला कोणता ते कळेना. मी स्वतः केवढा आहे ते कळेना. खरंच सांगतो, आपण मुंगीएवढे असू अशी खात्री वाटली. भरती आली की हे सगळं डोक्यावरून जातं, ते माहीत होतं, आणि त्याची भीती वाटत नव्हती. ती वाटली नाही, याचीच भीती नंतर वाटली.

तुमचं पत्र आठवलं ते प्रेमाने नाही, रागाने. म्हटलं, बाईला खाडीतलं काय कळतं, बघूच. समोर दोन ओघळ मिळत होते. त्यांचा कोन बाणासारखा होता. मी टोकाच्या दिशेने गेलो. पुढे पुन्हा दोन. पुन्हा टोक. फाटा रुंद व्हायला लागला. मागून हाक येत राहिली, आणि वहिनी, मी जसा लांब जात होतो तशी ती लहान होत नव्हती, मोठी होत होती. शेवटी तर अख्खी खाडी हाक मारत होती. मी कानात बोटं घातली नाहीत, कारण हात चिखल धरायला लागत होते.

पाणी छातीला लागलं तेव्हा डबा बडवल्याचा आवाज ऐकला. मावशी होडीत उभ्या राहून रॉकेलचा डबा बडवत होत्या. तुमचं पत्र त्यांना चहावाल्याने वाचून दाखवलं होतं. मला वर ओढलं आणि पहिली एक थोबाडीत मारली. मग स्वतःच रडल्या. "एकदा मी नव्हते," म्हणाल्या, "दुसऱ्यांदा नसते तर कुणाला तोंड दाखवलं असतं?"

आता आत जात नाही. काठी मावशींनी चुलीत घातली. आईचा डोळा कसा आहे?

धाकटा


२५ जानेवारी

भावोजी,

मावशींच्या हातात माझ्या वतीने एक सोन्याची बांगडी घालायला हवी. थोबाडीत मारायचा मान खरं तर माझा होता.

आईंचा डोळा ठीक आहे. पट्टी काढायची आहे अजून. पण तुम्हाला एक सांगायचंय. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत पडल्या होत्या. तुमचं मी काही बोलले नव्हते, शपथ. एकदम माझा हात धरला आणि म्हणाल्या, "धाकटा निघाला का बाहेर?" मी म्हटलं, "कुठून, आई?" तर झोपी गेल्या. शुद्धीवर आल्यावर विचारलं तर म्हणतात, मी कशाला असं म्हणेन. मी दिवस जुळवून बघायचं टाळलं. तुम्हीही जुळवू नका.

मी बरी आहे. बरी म्हणजे काय ते मला आताशा कळायला लागलंय. सकाळी कामात विसरते, दुपारी काहीतरी टोचतं, संध्याकाळी दाराशी पावलं वाजली की आत काहीतरी उभं राहतं आणि मग बसतं. आठवड्याचंही तसंच, सोमवारी विसरते आणि रविवारी उभं राहतं. वर्षाचंही तेच. लहान दिवस आणि मोठं वर्ष, चाल एकच. तुमच्या साहेबांना विचारा, याचा काठ किती लांब निघतो.

फक्त तो एक प्रश्न आहे तिथेच आहे. ते वाट चुकले की निघून गेले. तुम्ही म्हणता चुकले. पण तुम्ही स्वतः चुकला नव्हतात, भावोजी. तुम्ही निघाला होतात. मग तेही निघालेच असतील ना?

वहिनी


धक्क्यावरची खोली,
११ मार्च

वहिनी,

हे बसून वाचा. आई जवळ असेल तर आधी एकट्याने वाचा.

धक्क्याचे बाहेरचे खांब कुजले होते, ते बदलायला माणसं आली होती. सगळ्यात टोकाच्या खांबाखाली, जिथून आपण होडीतून पायऱ्यांवर चढतो तिथे, चिखलात पाण्यात उतरणाऱ्याच्या हाताला लोखंड लागलं. वर काढलं तर मोजणीची साखळी. पितळी मुठीवर आमच्या कचेरीचा शिक्का आणि दादाच्या साखळीचा क्रमांक.

ती सुटी नव्हती. हे नीट समजून घ्या. काम चालू असतं तेव्हा साखळी पसरलेली असते. दिवसाचं काम संपलं की एकेक कडी जुळवून तिची जुडी करतात आणि बांधतात. त्याला वेळ लागतो, घाईत होत नाही. ही जुडी बांधलेली होती, नायलॉनच्या दोरीने, दुहेरी गाठ, वर एक फास. मी ती गाठ ओळखतो, माझ्या शाळेच्या बुटांना तो तशीच बांधायचा. पाणी साखळी वाहून नेईल एक वेळ, पण साखळीची जुडी घालणार नाही.

म्हणजे काय झालं? मी आणि मावशी त्या पायऱ्यांवर बसून जुळवलं. दादाने त्या दिवशी काठी सोडून पुन्हा साखळी घेतली होती, आणि काम आटोपलं. जुडी बांधली. होडी वल्हवत धक्क्यापर्यंत आणली. जुडी खांद्यावर घेऊन चढायला उभा राहिला, पायरीवर शेवाळ असतं, पाय गेला. वजन खांद्यावर होतंच. भरती लागलेली होती. जुडी तळाशी बसली, त्याला पाण्याने नेलं. रिकामी होडी भरतीबरोबर आत गेली, आतल्या फाट्यात जाऊन अडकली. आणि आपण सगळ्यांनी होडी जिथे सापडली तिथे त्याला शोधलं. मी तर बोटभर ओघळात शोधलं.

तो घरी येत होता, वहिनी. खोलीचा दिवा तिथून दिसतो.

मावशींनी मला विचारलं, "मग आत हाक कोण मारत होतं?" मी आतल्या फाट्याकडे बघू लागलो. त्याच म्हणाल्या, "नको शोधूस."

साहेबांना आकडा दिला, सोबत लिहून दिलं की एवढ्या लांबीच्या साखळीने मोजलं तर एवढा. दुसऱ्या साखळीने दुसरा येईल. सही करून टाकली. माझी बदली झाली आहे, उद्या निघतो, वाटेत घरी यायला जमणार नाही, पण पुढच्या महिन्यात येतो. साखळी कचेरीची आहे, पण साहेबांनी स्वतः पुसून, कागदात गुंडाळून मावशींकडे ठेवली आहे. तुमच्यासाठी.

धाकटा


२ एप्रिल

भावोजी,

आईंना मी वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाल्या, "काखेत कळसा." पुढची म्हण पुरी केली नाही. पदर डोळ्याला लावला, तोही एकाच, दुसऱ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तेवढ्यातही ते त्यांना आठवलं म्हणून मला हसू आलं. मग दोघींनाही आलं. खूप वेळ हसलो, भावोजी. शेजारची बघायला आली.

त्यांनाच जायचं होतं. गेलो. मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. तुम्ही कधी सांगितलं नाहीत की त्या आईंएवढ्याच आहेत वयाने. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी मी नव्हते." आई म्हणाल्या, "मी तरी कुठे होते?" आणि त्यांचा हात धरून पायऱ्यांकडे चालू लागल्या. पायऱ्या आता नव्या आहेत, धरायला कठडा आहे.

साखळी मी मांडीवर घेतली. केवढी जड. गाठ सोडली नाही.

मग मला काय वाटलं कोण जाणे, उठून धक्क्याच्या टोकाला गेले. लग्न झाल्यापासून यांना मी एकाच शब्दाने हाक मारली. नावाने कधी मारली नाही, ते चिडवायचे, म्हणायचे, तुला माझं नाव तरी माहीत आहे का? तीच हाक मारली, आतल्या दिशेने तोंड करून, जोरात. "अहो!"

तुम्ही लिहिलं होतं तशी ती फिरत फिरत आली, एकेका फाट्यातून, पहिला आवाज गळत गळत. आधी "अहो". मग "हो". मग, खूप आतून, बारीक, "ओ".

मी परत हाक मारली नाही. एकदा विचारलं, एकदा मिळालं.

आईंनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "हो म्हणाले." त्यांनी काय हो, ते विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तुम्हाला ठाऊक नसेल, आम्ही इतके दिवस दाराला कुलूप न लावताच झोपायचो. कुणी ठरवलं नव्हतं. हे किल्ली नेहमी विसरून जायचे, म्हणून आई नुसतं दार लोटून ठेवायच्या, आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचे. त्या दिवशी मी पिशव्या ठेवत होते, तर आई दाराशी चाचपडत उभ्या. म्हणाल्या, "कुलूप लाव."

मी तशीच उभी राहिले.

"लाव गं," त्या म्हणाल्या. "ज्याला यायचंय त्याच्याकडे किल्ली आहे ना?"

आहे ना, भावोजी? बघून ठेवा. नसेल तर कळवा, दुसरी करून पाठवते.

वहिनी